४१५ व्होल्टच्या तीन-फेज जोडणीवर २०० व्होल्टचे जपानी यंत्र : स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर कसा जोडावा?

शिरोलीचा_लेथ

नमस्कार. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत माझे छोटे शेड आहे. दोन लेथ आणि एक मिलिंग यंत्र यांवर फाउंड्रीवाल्यांच्या ओतीव भागांचे यंत्रकाम करत आलो आहे. गेल्या महिन्यात एक जुने जपानी व्हीएमसी (संगणकाने चालणारे उभ्या स्पिंडलचे मिलिंग) यंत्र घेतले. यंत्राच्या मागच्या बाजूला असलेल्या पितळी पट्टीवर २०० व्होल्ट, ३ फेज, ५०/६० हर्ट्झ, २५ केव्हीए असे कोरलेले आहे. आमच्या शेडला महावितरणची तीन-फेज जोडणी आहे आणि मीटरपाशी मोजले असता दोन फेजमध्ये दिवसा ४०० ते ४१०, तर रात्री शेजारची शेडे बंद झाल्यावर ४३० पर्यंत व्होल्टेज मिळते. मंजूर भार पुरेसा आहे.

विक्रेत्याने यंत्राबरोबर एक ऑटो ट्रान्सफॉर्मर फुकट देऊ केला आहे. तो २० केव्हीएचा आहे आणि त्याचे आवरण गंजलेले आहे. दुसरीकडे एका वाइंडिंगवाल्याने ३० केव्हीएचा, डेल्टा-स्टार (४१५ च्या बाजूच्या तीन कॉइल त्रिकोणात, २०० च्या बाजूच्या तीन एका मधल्या बिंदूला जोडलेल्या), वेगळ्या दोन वाइंडिंगचा नवा ट्रान्सफॉर्मर करून देण्याचा दर सांगितला आहे. साहजिकच दोन्हींच्या किमतीत फार अंतर आहे.

माझे प्रश्न असे. ऑटो चालेल की दोन वाइंडिंगचाच घ्यावा? यंत्राला फक्त तीन फेज आणि अर्थ (जमिनीची जोडणी) लागतो, न्यूट्रल लागत नाही. मग स्टार बाजूचा मधला बिंदू मोकळा सोडायचा की अर्थ करायचा, आणि अर्थ करायचा तर कोठे? दोन्ही बाजूंना ब्रेकर किती अँपिअरचे बसवावेत? काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घेणार आहे, पण त्याचे आणि वाइंडिंगवाल्याचे दुसऱ्या प्रश्नावर एकमत होत नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

तांबे_आणि_लोखंड

मी सातपूरच्या वसाहतीत तीस वर्षे ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्याचे काम केले, म्हणून पहिल्या प्रश्नावर लिहितो.

ऑटो स्वस्त का पडतो, हे आधी समजून घ्यावे. त्यात एकच वाइंडिंग असते आणि मधून टॅप काढलेला असतो, त्यामुळे सगळी शक्ती लोखंडाच्या गाभ्यातून जात नाही. काही भाग तारेतून सरळ पुढे जातो. ४१५ वरून २०० वर येताना गाभ्यातून जाणारा हिस्सा सुमारे ५२ टक्के असतो. म्हणजे ३० केव्हीएच्या ऑटोमध्ये जेवढे लोखंड आणि तांबे लागते, तेवढ्यात दोन वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर केला तर तो जेमतेम साडेपंधरा केव्हीएचा होईल. बचत खरी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही.

मात्र याची दुसरी बाजू अशी की, ऑटोमध्ये यंत्र आणि महावितरणची लाइन यांच्यामध्ये कोणताही पडदा राहत नाही. टॅपपासून स्टार बिंदूपर्यंतच्या भागातला एखादा सांधा सैल होऊन उघडला, तर त्या फेजला खाली ओढून धरणारे काहीच उरत नाही आणि भार हलका असताना तिकडचे व्होल्टेज लाइनच्या दिशेने वर चढते. साध्या मोटरला हे काही क्षण सोसवते; सर्वो ड्राइव्हला (मोटरची हालचाल नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाला) सोसवत नाही. गंजलेल्या आवरणाच्या आत सांधे कोणत्या स्थितीत असतील, याचा अंदाज आपणच करावा. शिवाय यंत्राची मागणी २५ केव्हीए असताना २० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर मुळातच लहान आहे.

भोसरीकर_टूलरूम

वरच्या प्रतिसादातील बहुतेक मुद्दे मान्य आहेत, तरी एक अनुभव नोंदवणे मला आवश्यक वाटते. माझ्या टूलरूममध्ये एक जपानी वायरकट यंत्र नऊ वर्षे ऑटोवर चालते आहे आणि एकही ड्राइव्ह गेलेला नाही. तो ऑटो नवा घेतला होता, मागणीपेक्षा मोठा घेतला होता, आणि वर्षातून एकदा पुरवठा बंद करून आम्ही त्याचे सर्व लग आवळतो. ऑटोचा एक गुण कोणी सांगत नाही तो असा की, मुख्य पॅनलमधल्या अर्थ-गळती ब्रेकरला यंत्राकडची गळतीही दिसते, कारण दोन्ही बाजू एकाच जमिनीशी बांधलेल्या असतात. दोन वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर बसवला की ती नजर तेथेच संपते. म्हणून ऑटो सरसकट वाईट म्हणू नये. हा विशिष्ट ऑटो घेऊ नये, एवढेच मी म्हणेन.

तांबे_आणि_लोखंड

हे योग्य आहे आणि मी माझे विधान तेवढ्यापुरते मर्यादित करतो. नव्या, पुरेशा मोठ्या आणि देखभाल होणाऱ्या ऑटोला माझा विरोध नाही. तरीही जुन्या ड्राइव्हचे सुटे भाग आज मिळत नाहीत, आणि एक ड्राइव्ह बदलण्याचा खर्च दोन ट्रान्सफॉर्मरांमधील फरकाहून सहज अधिक होतो, म्हणून या यंत्रासाठी मी दोन वाइंडिंगचाच सुचवेन. प्राथमिक, म्हणजे ४१५ व्होल्टच्या बाजूला, अधिक-उणे अडीच आणि पाच टक्क्यांचे टॅप मागून घ्या. वाइंडिंगवाला ते आनंदाने देतो. नंतर मात्र नवे टॅप करून घेता येत नाहीत.

जमिनीचा_ताप

मी परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देतो, कारण या जोडणीत माणसाच्या जिवाशी संबंध येतो तो येथेच.

दोन वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर बसवला की त्याच्या दुय्यम, म्हणजे यंत्राकडच्या बाजूला, एक नवा वीजपुरवठा जन्माला येतो. महावितरणच्या रोहित्राचा न्यूट्रल तिकडे जमिनीला जोडलेला आहे, पण त्या जोडणीचा या नव्या २०० व्होल्टच्या पुरवठ्याशी काहीही संबंध उरत नाही, कारण मधल्या दुव्यात तार नसून फक्त चुंबकीय प्रवाह आहे. त्यामुळे नव्या पुरवठ्याला जमिनीशी नाते कोणते द्यायचे, हे आपल्यालाच ठरवावे लागते. महावितरणचा न्यूट्रल आणून नव्या स्टार बिंदूला जोडण्याची चूक मी दोन ठिकाणी पाहिली आहे. प्राथमिक बाजू डेल्टा असल्याने तिला न्यूट्रल लागतच नाही, म्हणून ती तार ट्रान्सफॉर्मरपर्यंत नेण्याचेच कारण नाही.

स्टार बिंदू मोकळा सोडला तर काय होते? पहिल्यांदा एखादा फेज यंत्राच्या अंगाला चिकटला, तर प्रवाहाला परतीची वाट नसल्याने ब्रेकर पडत नाही. काही जण यालाच सुरक्षितता समजतात. प्रत्यक्षात दोष तसाच दडून राहतो, उरलेल्या दोन फेजचे जमिनीशी व्होल्टेज ११५ वरून २०० वर जाते, ड्राइव्हमधल्या फिल्टरवर आणि लाट शोषणाऱ्या भागांवर तो ताण दिवसरात्र राहतो, आणि दुसरा फेज चिकटला की दोन फेजमधला शॉर्ट यंत्राच्या अंगातून होतो. इन्सुलेशनवर सतत लक्ष ठेवणारे उपकरण बसवून मोकळी पद्धत चालवता येते. रुग्णालयांच्या शस्त्रक्रियागृहांत ती मुद्दाम वापरतात. पण ते उपकरण आणि ते पाहणारा माणूस हे दोन्ही नसतील, तर स्टार बिंदू ठामपणे अर्थ करावा.

आता कोठे अर्थ करायचा, हा आपल्या ठेकेदाराचा आणि वाइंडिंगवाल्याचा वाद असणार. बहुधा एकाचे म्हणणे असे असेल की न्यूट्रलसाठी स्वतंत्र खड्डा घ्यावा आणि यंत्राच्या अंगासाठी वेगळा. नियमांत ४१५ व्होल्टच्या उपकरणांच्या धातूच्या आवरणाला दोन वेगळ्या अर्थ जोडण्या द्यायच्या आहेत, न्यूट्रललाही द्यायच्या आहेत, आणि त्या दिल्याच पाहिजेत. प्रश्न असा की हे खड्डे एकमेकांना तांब्याने जोडलेले आहेत की नाहीत. समजा, ते जोडलेले नाहीत आणि प्रत्येकाचा रोध ३ ओहम आहे, जो आपल्याकडच्या मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात चांगलाच म्हणावा लागेल. यंत्राच्या अंगाला एक फेज चिकटला, तर ११५ व्होल्ट भागिले ६ ओहम, म्हणजे सुमारे १९ अँपिअर प्रवाह मातीतून वाहील. ८० अँपिअरवर लावलेल्या ब्रेकरला १९ अँपिअर म्हणजे नेहमीचा भार; तो तासन्‌तास पडणार नाही. त्या सर्व वेळात यंत्राचे अंग जमिनीपेक्षा जवळजवळ ५८ व्होल्टवर उभे राहील. माणसाला स्पर्शातून सोसेल अशी सामान्य मर्यादा ५० व्होल्टची धरतात, तीही कोरड्या हातांसाठी. व्हीएमसीवर काम करणाऱ्या मुलाचे हात तर कूलंटने ओलेच असतात.

मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे. एका कारखान्यात कामगार सांगत होता की यंत्राचे सरकते दार धरले की मुंग्या येतात, आणि सगळे जण ते हसण्यावारी नेत होते. मी टेस्टर दाराच्या मुठीला लावला, तर भर दुपारी त्याचा दिवा स्पष्ट लागला. दोन्ही खड्डे नवे होते, दोन्हींत कोळसा-मीठ व्यवस्थित भरलेले होते, पाणीही घातलेले होते, आणि ते एकमेकांपासून चाळीस फुटांवर होते. त्यांच्यामध्ये एक पट्टी टाकायची तेवढी राहिली होती. आम्ही पट्टी टाकून पुरवठा दिला, त्या क्षणी ब्रेकर पडला, आणि मग कूलंट पंपाची चिरडलेली केबल सापडली.

म्हणून पद्धत अशी ठेवावी. ट्रान्सफॉर्मरशेजारी तांब्याची एक अर्थ पट्टी बसवावी. स्टार बिंदू, ट्रान्सफॉर्मरचे आवरण आणि गाभा, दोन वाइंडिंगमध्ये पडदा असेल तर त्याचे टोक, दुय्यम पॅनलचे अंग आणि यंत्राचा अर्थ हे सर्व त्या एकाच पट्टीवर तांब्याने आणावेत, आणि मग ती पट्टी दोन खड्ड्यांना तसेच शेडच्या मुख्य अर्थला जोडावी. असे केले की दोषाचा प्रवाह मातीतून न जाता तांब्यातून परततो, तो दीड हजार अँपिअरच्या घरात जातो, आणि ब्रेकर डोळ्याचे पाते लवण्याआधी पडतो. खड्डे लागतातच, पण ब्रेकर पाडण्याचे काम खड्ड्यांकडून होत नाही. ते या पट्टीकडून होते.

भोसरीकरांनी अर्थ-गळती ब्रेकरबद्दल लिहिले ते तंतोतंत बरोबर आहे. मुख्य पॅनलमधला ब्रेकर दुय्यम बाजूची गळती पाहू शकत नाही, म्हणून गळती-संरक्षण हवे असेल तर ते दुय्यम बाजूला स्वतंत्र बसवावे. ३० मिलिअँपिअरचा मात्र घेऊ नका. ड्राइव्हच्या फिल्टरमधून थोडी गळती कायमच होत असते, आणि तो विनाकारण पडत राहिला की शेवटी कोणीतरी तो वगळून थेट जोडणी करून टाकतो. ३०० मिलिअँपिअरचा, किंचित उशिरा पडणारा घ्यावा.

जर्सीतला_वीजतंत्री

मी अमेरिकेत न्यू जर्सीत व्यावसायिक इमारतींचे वीजकाम करतो. येथे ही जोडणी रोजची आहे, कारण मोठ्या इमारतींत ४८० व्होल्ट येतात आणि प्रत्येक मजल्यावर डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मर लावून त्यांचे २०८/१२० करतात. येथील नियमावलीत अशा दुय्यम बाजूला ‘स्वतंत्रपणे निर्माण झालेली व्यवस्था’ असेच नाव आहे, आणि पर्यवेक्षक साहेबांनी नवा पुरवठा जन्माला येतो असे जे लिहिले, त्याचाच तो अर्थ आहे. स्टार बिंदू आणि अर्थ यांचा सांधा एकाच ठिकाणी करायचा, ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा पहिल्या ब्रेकरपाशी, दोन्हीकडे नाही. अन्यथा न्यूट्रलचा प्रवाह अर्थच्या तारांतून फिरू लागतो. आपल्या यंत्राला न्यूट्रल लागत नसल्याने ते संकट कमी आहे, तरी भविष्यात कोणी तेथून ११५ व्होल्टचा दिवा घेतला तर उपयोगी पडेल, म्हणून सांगून ठेवतो.

दुय्यम बाजूला वेगळा ब्रेकर हवाच, हे मी आग्रहाने सांगेन. प्राथमिक बाजूला आहे तेवढा पुरे, असे अनेकांना वाटते. पण डेल्टा-स्टार जोडणीत दुय्यम बाजूचा एक फेज अर्थला चिकटला, तर तो प्रवाह प्राथमिक बाजूच्या दोन लाइनांत केवळ ५८ टक्के तीव्रतेने उमटतो. म्हणजे प्राथमिक ब्रेकरला घडलेली गोष्ट निम्म्याहून थोडी अधिकच दिसते. तेवढ्या काळात दुय्यम केबल जळू शकते.

शिरोलीचा_लेथ

सर्वांचा मनापासून आभारी आहे. ३० केव्हीएचा, दोन वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर ठरवला. वाइंडिंगवाला आता विचारतो आहे की दुय्यम बाजू २०० व्होल्टची करू की २२० ची? त्याच्या मते जपानी यंत्रांना सगळे जण २२० च घेतात.

तांबे_आणि_लोखंड

२०० च करून घ्या. जपानमध्ये दोन वारंवारिता आहेत : पूर्वेकडे, म्हणजे टोकियोच्या बाजूला, ५० हर्ट्झ, आणि पश्चिमेकडे, ओसाकाच्या बाजूला, ६० हर्ट्झ. म्हणून तेथील मोटरांच्या पट्टीवर बहुधा २०० व्होल्ट ५० हर्ट्झ, २०० व्होल्ट ६० हर्ट्झ आणि २२० व्होल्ट ६० हर्ट्झ अशा तीन ओळी असतात. २२० हा आकडा ६० हर्ट्झच्या ओळीतला आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारिता बदलत नाही. आपल्याकडे ती ५० च राहणार. मोटरच्या गाभ्यातला चुंबकीय प्रवाह व्होल्टेज भागिले वारंवारिता या गुणोत्तरावर ठरतो. २२० ला ६० ने भागले तर ३.६७ येते, २०० ला ५० ने भागले तर ४, आणि २२० ला ५० ने भागले तर ४.४. म्हणजे ५० हर्ट्झवर २२० दिले की गाभा ठरवलेल्या मर्यादेपेक्षा दहा टक्के अधिक भरतो. ड्राइव्ह हे पचवतात, कारण ते आधी एकदिश प्रवाह करून घेतात. पण हायड्रॉलिक पंप, कूलंट पंप आणि पंखे थेट लाइनवर असतात. ते तापतात, आणि रात्री लाइन ४३० झाली की अधिकच तापतात.

पंपाच्या मोटरवर जर फक्त ‘२२० व्होल्ट ६० हर्ट्झ’ अशी एकच ओळ असेल, तर येथे लिहा. तिला ५० हर्ट्झवर १८३ च्या आसपास व्होल्टेज हवे, आणि ती फिरेलही सहाव्या हिश्शाने हळू.

सांगलीचा_होतकरू

याच ओघात एक प्रश्न. माझ्याकडे एक अमेरिकी ग्राइंडर येणार आहे. त्याच्या मोटरवर २३०/४६० व्होल्ट, ६० हर्ट्झ असे आहे. मलाही ट्रान्सफॉर्मर लागेल का?

तांबे_आणि_लोखंड

वरचाच हिशोब लावा. मोटर ४६० च्या जोडणीत ठेवली तर ५० हर्ट्झवर तिला ३८३ व्होल्ट हवेत. आपले ४१५ त्यापेक्षा आठ टक्के अधिक आहेत. भार पूर्ण नसेल तर मोटर थेट चालते, फक्त फिरते सहाव्या हिश्शाने हळू. ग्राइंडिंग चाकाची गती त्यामुळे घटेल, तर पुली बदलून ती परत मिळवावी, मात्र चाकावर लिहिलेल्या कमाल गतीच्या पुढे जाऊ नये. नियंत्रण बाजूचा छोटा ट्रान्सफॉर्मर मात्र ४६० च्या टॅपवर असेल, तोही पाहून घ्या.

शिरोलीचा_लेथ

पंपाच्या मोटरवर तीनही ओळी आहेत, म्हणून २०० ठरवले. ट्रान्सफॉर्मर आला. तो यंत्रापासून सहा मीटरांवर, जमिनीपासून उंच चौथऱ्यावर बसवला. प्राथमिक बाजूला १६ चौरस मिलिमीटर आणि दुय्यम बाजूला २५ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल टाकली. अर्थ पट्टी सांगितल्याप्रमाणे केली.

आज यंत्र न जोडता पुरवठा देऊन पाहिला आणि अडचण आली. प्राथमिक बाजूला तिन्ही जोड्यांत ४२४ व्होल्ट आहेत. दुय्यम बाजूला तिन्ही जोड्यांत ११८ व्होल्ट येतात. ठेकेदाराचा माणूस म्हणतो की हे फेज-न्यूट्रलचे व्होल्टेज आहे आणि मी मीटर चुकीचा धरतो आहे. पण मी दोन फेजमध्येच धरला होता. न्यूट्रलशी मोजले तर ६८ येतात. ट्रान्सफॉर्मरमधून आवाज जवळजवळ नाहीच. यंत्र अर्थातच जोडलेले नाही.

तांबे_आणि_लोखंड

आपला मीटर बरोबर आहे. प्राथमिक बाजू डेल्टाऐवजी स्टारमध्ये जोडली गेली आहे.

हिशोब पाहा. डेल्टामध्ये प्रत्येक प्राथमिक कॉइलवर पूर्ण ४१५ व्होल्ट येतात आणि तिच्यासमोरच्या दुय्यम कॉइलवर ११५.५, त्या तीन दुय्यम कॉइल स्टारमध्ये जोडल्या की दोन फेजमध्ये २०० मिळतात. म्हणजे कॉइलचे प्रमाण ३.५९ आहे, ४१५ भागिले २०० एवढे नाही. प्राथमिक बाजू स्टार झाली की प्रत्येक कॉइलवर ४२४ भागिले १.७३२, म्हणजे २४५ व्होल्टच पडतात. त्यांना ३.५९ ने भागा : ६८. त्यांना १.७३२ ने गुणा : ११८. आपले दोन्ही आकडे नेमके तेच आहेत.

प्राथमिक बाजूच्या सहा टर्मिनलांच्या पाटीकडे पाहा. मोठ्या मोटरच्या डब्यात असते तशीच मांडणी असेल. तीन लिंक पट्ट्या उभ्या असतील तर डेल्टा. खालची तीन टर्मिनले आडव्या पट्टीने एकत्र केलेली असतील तर स्टार. पुरवठा बंद करून, ब्रेकरला कुलूप लावून, टेस्टर आणि मीटर दोन्हींनी तपासून मगच हात लावावा.

शिरोलीचा_लेथ

अगदी तसेच निघाले. खालच्या तीन टर्मिनलांवर एक आडवी पितळी पट्टी होती. वाहतुकीत सैल होऊन पडू नयेत म्हणून पट्ट्या काढून पिशवीत बांधून पाठवल्या होत्या, आणि बसवताना त्या सवयीने मोटरच्या स्टारसारख्या बसल्या. नकाशा आवरणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला होता, तो कोणी पाहिला नव्हता. आता पट्ट्या उभ्या केल्या. दोन फेजमध्ये २०४, प्रत्येक फेज ते अर्थ ११८.

पण नवीच गोष्ट सुरू झाली आहे. ब्रेकर चढवताना पाचांपैकी तीन वेळा तो लगेच पडतो. दुय्यम बाजूला अजून काहीही जोडलेले नाही. काल, चुकीच्या जोडणीत, एकदाही पडला नव्हता. प्राथमिक ब्रेकर ४० अँपिअरचा, सी प्रकारचा आहे. शॉर्ट असेल का?

जमिनीचा_ताप

शॉर्ट असता तर प्रत्येक वेळी पडला असता. ट्रान्सफॉर्मर चढवण्याच्या क्षणी गाभा संपृक्त होतो आणि काही आवर्तनांपुरता पूर्ण भाराच्या दहापट किंवा अधिकही प्रवाह ओढतो. लाट कोणत्या क्षणी पकडली गेली आणि मागच्या वेळी गाभ्यात किती चुंबकत्व उरले होते, यावर तो ठरतो, म्हणून कधी पडतो आणि कधी नाही. काल का पडला नाही, याचेही उत्तर त्यातच आहे : स्टारमध्ये कॉइलवर ५८ टक्केच व्होल्टेज होते, गाभा संपृक्ततेपर्यंत पोहोचतच नव्हता, आणि आवाज नव्हता तोही त्यामुळेच.

३० केव्हीएचा पूर्ण भार प्राथमिक बाजूला ४१.७ अँपिअर होतो. सी प्रकारचा ब्रेकर पाच ते दहापटीत तत्क्षणी पडतो, म्हणजे आपला २०० ते ४०० च्या दरम्यान. पहिला झटका त्याच्या वर जातो. डी प्रकारचा ५० अँपिअरचा बसवा. तो दहा ते वीसपटीत पडतो, आणि आपल्या १६ चौरस मिलिमीटर केबललाही तो सांभाळतो. दुय्यम बाजूला यंत्राची मागणी २०० व्होल्टवर ७२ अँपिअर आहे, तर १०० अँपिअरचा एमसीसीबी (मर्यादा लावता येणारा मोठा ब्रेकर) घेऊन त्याची उष्णता-मर्यादा ८० वर लावावी. या बाजूला झटक्याचा प्रश्न नाही, म्हणून चुंबकीय मर्यादा जेवढी खाली लावता येईल तेवढी लावावी.

आणि यंत्र जोडण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) दोन्ही वाइंडिंगमधले आणि प्राथमिक ते अर्थ इन्सुलेशन तपासा. दुय्यम बाजूचे पाहताना स्टार बिंदूचा अर्थ तेवढ्यापुरता सोडवा व पुन्हा जोडल्याची खात्री करा. ड्राइव्ह जोडलेले असताना मेगर कधीही फिरवू नका.

भोसरीकर_टूलरूम

यंत्र पहिल्यांदा चालू करताना फेजक्रम पाहण्यास विसरू नका. सर्वो ड्राइव्हला बहुधा क्रमाने फरक पडत नाही, पण हायड्रॉलिक पंपाला पडतो. फेजक्रमदर्शक असेल तर उत्तम. नसेल तर एका माणसाने पंपाच्या पंख्याकडे पाहत उभे राहावे आणि दुसऱ्याने क्षणभर चालू करून बंद करावे. मोटरवरच्या बाणाच्या उलट फिरला तर यंत्राच्या येणाऱ्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन बदलाव्यात. उलटा पंप दाब धरत नाही, आणि तसाच चालवत राहिले तर तो कोरडा घासला जातो. जुनी, परतीची वीज लाइनमध्ये टाकणारी स्पिंडल ड्राइव्ह मात्र क्रमाबाबतही चोखंदळ असतात, तेव्हा पुस्तिका मिळाली तर पाहा.

शिरोलीचा_लेथ

काल संध्याकाळी यंत्र सुरू झाले. मेगरला सर्वत्र पाचशे मेगओहमच्या वर वाचन आले. डी प्रकारचा ब्रेकर वीस वेळा चढवून पाहिला, एकदाही पडला नाही. पंप पहिल्या प्रयत्नात उलटा फिरला, म्हणून दोन तारा बदलल्या. त्यानंतर दाबमापकाचा काटा सरळ वर गेला.

स्पिंडल पूर्ण गतीला नेताना टाँग टेस्टरने (तारेभोवती चिमटा धरून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने) दुय्यम बाजूला ५१ अँपिअर दिसले, नेहमीच्या कटाला २२ ते २८. त्या वेळी दुय्यम व्होल्टेज २०४ वरून २०० पर्यंत उतरले. रात्री लाइन ४३१ झाली तेव्हा २०८ मिळाले, म्हणून टॅप तूर्त मधल्यावरच ठेवला आहे. चार तास चालल्यावर ट्रान्सफॉर्मरच्या आवरणाला हात लावून ठेवता येतो.

रिकाम्या ट्रान्सफॉर्मरचा खर्चही मोजला. यंत्र बंद असताना तो १६० वॅट घेतो. रात्रीचे आणि सुटीचे तास धरले तर महिन्याला ऐंशीच्या आसपास युनिट होतात, म्हणून शेड बंद करताना प्राथमिक ब्रेकरही खाली करायचे ठरवले आहे.

जमिनीचा_ताप

वाचन समाधानकारक आहे. फक्त एक शेवटची चाचणी राहिली असावी. पुरवठा बंद असताना यंत्राच्या दाराच्या मुठीपासून ट्रान्सफॉर्मरच्या स्टार बिंदूपर्यंतचा रोध मोजा. रंग, बिजागरी आणि गंज यांमुळे दार पुष्कळदा अंगापासून तुटलेले असते.

शिरोलीचा_लेथ

मोजला. यंत्राच्या अंगापासून स्टार बिंदूपर्यंत मीटर ०.१ ओहम दाखवतो, पण दाराच्या मुठीपासून ४० च्या वर येत होता. दार रुळावर नायलॉनच्या चाकांवर सरकते आणि त्याला अर्थची वेणी कधी नव्हतीच, किंवा जुन्या मालकाकडे तुटली असावी. दारावरच्या दिव्याची तार मात्र त्याच दारातून जाते. आज तांब्याची लवचीक वेणी दोन्हीकडे रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून बसवली. आता मुठीपासूनही ०.१ येतो.